मुलांचे ‘अपेंडिक्स’ : दोष बियांचा की शरीरातील लढाईचा?

रात्रीचे जेवण नेहमीसारखे झालेले असते. पहाटे कधीतरी नऊ-दहा वर्षांचे मूल बेंबीपाशी दुखते म्हणून जागे होते. घरात आधी हिंगाचा लेप लावला जातो, ओव्याचे पाणी दिले जाते, ‘काल बाहेरचे काय खाल्लेस?’ अशी चौकशी होते. सकाळी मूल दुधाला तोंड लावत नाही, एखादी उलटी होते आणि दुपारपर्यंत दुखणे बेंबीवरून खाली उजव्या बाजूला सरकते. डॉक्टर पोट तपासतात आणि ‘अपेंडिक्सची शंका आहे’ असे सांगतात. त्यानंतर आईवडिलांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. बोराची आठळी गिळली असेल का? पेरूच्या बिया अडकल्या असतील का? आपल्याच देखरेखीत काही कमी पडले का?

या प्रश्नांचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच आहे. शस्त्रक्रियेने काढलेल्या आंत्रपुच्छात फळाची बी सापडणे ही अपवादात्मक गोष्ट आहे. मुलांना हा आजार का होतो आणि एका मुलात तो साधा राहतो, तर दुसऱ्या मुलात आंत्रपुच्छ सडून फुटते, असे का, याचा शोध घेणाऱ्या संशोधकांचे लक्ष आता खाल्लेल्या पदार्थांपेक्षा मुलाच्या स्वतःच्या रोगप्रतिकार यंत्रणेकडे अधिक वळले आहे.

निरुपयोगी ठरवलेला अवयव

‘अपेंडिक्स झाले’ असे बोलण्यात म्हटले जात असले, तरी अपेंडिक्स हा आजार नसून अवयव आहे आणि तो जवळपास प्रत्येकाच्या पोटात असतो. लहान आतडे मोठ्या आतड्याला जेथे मिळते, तेथे मोठ्या आतड्याचा पिशवीसारखा भाग असतो. त्याला उंडुक म्हणतात. या उंडुकाला लोंबकळणारी, करंगळीपेक्षाही बारीक आणि साधारणपणे सहा ते नऊ सेंटिमीटर लांबीची नळी म्हणजे आंत्रपुच्छ. तिचे एक टोक उंडुकात उघडते, दुसरे बंद असते. तिला सूज आली की त्या आजाराला आंत्रपुच्छदाह, म्हणजेच अपेंडिसायटिस असे म्हणतात.

चार्ल्स डार्विन यांनी १८७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानवाच्या उत्पत्तीवरील ग्रंथात आंत्रपुच्छाची गणना अवशेषरूप अवयवांत केली होती. पूर्वजांना उपयोगी पडलेला, पण आता काम उरले नाही असा हा भाग, ही समजूत त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली. तथापि, सूक्ष्मदर्शकाखाली आंत्रपुच्छाचा छेद पाहिला की वेगळेच चित्र दिसते. या नळीच्या भिंतीत लसीका ऊतींचे पुंजकेच्या पुंजके असतात. घशातील टॉन्सिल्समध्ये ज्या प्रकारच्या पेशी असतात, त्याच प्रकारच्या पेशी येथेही दाटीवाटीने बसलेल्या असतात. आतड्यातील जिवाणूंचे नमुने घ्यायचे, ते प्रतिकार पेशींना ‘दाखवायचे’ आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करायची, असे या ऊतींचे काम आहे.

जपानमधील ओसाका विद्यापीठातील कियोशी ताकेदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आंत्रपुच्छाच्या जागी असलेला लसीका ऊतींचा भाग काढून टाकलेल्या उंदरांत ‘आयजीए’ प्रकारची प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी मोठ्या आतड्यात उशिरा पोचतात आणि तेथील जिवाणूंचा समतोलही बदलतो, असे त्यांना आढळले. त्याआधी, २००७ मध्ये, अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील रँडल बोलिंजर आणि विल्यम पार्कर यांनी आंत्रपुच्छ हे उपयुक्त जिवाणूंचे सुरक्षित कोठार असावे, असा विचार मांडला होता. अतिसाराने आतडे धुऊन निघाले की या कोठारातील जिवाणू पुन्हा आतड्यात वस्ती करू शकतात, असे त्यांचे म्हणणे होते.

शाळकरी वयच का?

आंत्रपुच्छदाह कोणत्याही वयात होऊ शकतो. परंतु त्याचे प्रमाण सर्वाधिक असते ते साधारणपणे १० ते १९ या वयोगटात. दोन वर्षांखालील बालकांत तो क्वचितच आढळतो. या वयोमर्यादेचा आणि लसीका ऊतींच्या वाढीचा मेळ लक्ष वेधून घेणारा आहे. जन्माच्या वेळी आंत्रपुच्छात या ऊती अगदी थोड्या असतात. बाळ रांगू लागते, हाताला लागेल ते तोंडात घालते, नवनव्या जंतूंशी त्याची ओळख होते, तशा या ऊती वाढत जातात. किशोरवयाच्या आसपास त्या सर्वांत भरगच्च असतात आणि तिशीनंतर हळूहळू विरळ होतात. म्हणजे प्रतिकार यंत्रणेची ही चौकी ज्या वयात सर्वाधिक गजबजलेली असते, त्याच वयात ती सुजण्याचा धोकाही सर्वाधिक असतो.

डॉक्टरांच्या पाठ्यपुस्तकांत या आजाराची जी साखळी सांगितली जाते, तीत लसीका ऊतींना आधीपासून स्थान आहे. एखाद्या विषाणूचा किंवा आतड्याचा संसर्ग झाला की घशातल्या गाठी सुजतात, तशाच आंत्रपुच्छातील लसीका ऊतीही फुगतात. मुलांत ही नळी मुळातच अरुंद असल्याने तिचे तोंड बंद होऊ शकते. कधी घट्ट झालेल्या मळाचा खडा म्हणजे मलखडा तोंडाशी अडकतो. आत स्रवणारा चिकट द्रव बाहेर पडू शकत नाही, दाब वाढतो, भिंतीतील रक्तप्रवाह मंदावतो, जिवाणू भिंतीत शिरतात, पू होतो आणि अखेर कोथ होऊन आंत्रपुच्छ फुटते.

ही कल्पना निराधार नाही. आंत्रपुच्छ काढण्याची नोंदलेली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात डिसेंबर १७३५ मध्ये क्लॉडियस अमियांड यांनी केली. रुग्ण ११ वर्षांचा मुलगा होता. त्याच्या अंतर्गळामध्ये म्हणजे हर्नियात आंत्रपुच्छ उतरले होते आणि गिळलेल्या टाचणीने त्याला भोक पडले होते. भूल देण्याचे तंत्र अवगत होण्यापूर्वीच्या त्या काळात शस्त्रक्रियेला सुमारे अर्धा तास लागला आणि मुलगा बरा झाला. बोस्टनचे रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ मध्ये या आजाराला ‘अपेंडिसायटिस’ हे नाव दिले. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकन शल्यविशारद ओवेन वँगेनस्टीन यांनी प्रयोगांच्या आधारे अडथळ्याचा सिद्धांत पक्का केला.

सिद्धांताला पडलेले प्रश्न

मात्र सर्व रुग्णांना हा सिद्धांत लागू पडत नाही, हे हळूहळू स्पष्ट होत गेले. मलखडा किंवा अन्य ठळक अडथळा सगळ्याच रुग्णांत सापडत नाही. स्वीडनमधील लुंड येथील शल्यविशारदांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या वेळी आंत्रपुच्छातील दाब प्रत्यक्ष मोजला. कोथ झालेल्या आंत्रपुच्छात तो वाढलेला होता, परंतु नुसत्या सुजलेल्या आंत्रपुच्छांत बहुधा वाढलेला नव्हता. दाब हे आजाराचे मूळ असेल, तर तो सुरुवातीपासूनच वाढलेला दिसायला हवा होता. त्यामुळे अडथळा हा अनेकदा सुजेचे कारण नसून परिणाम असावा, अशी शंका बळावली.

यातूनच दुसरा विचार पुढे आला. साधा दाह आणि कोथ होऊन फुटणारा दाह या एकाच आजाराच्या पुढच्या-मागच्या पायऱ्या नसून दोन वेगळ्या वाटा असाव्यात, असे अनेक संशोधकांना वाटते. पहिल्या प्रकारात सूज येते आणि काही वेळा ती आपोआप ओसरूही शकते. दुसऱ्या प्रकारात मात्र ऊतींचा नाश झपाट्याने होतो. मुलाला कोणती वाट मिळते, हे जंतूंइतकेच त्याच्या प्रतिकार यंत्रणेच्या प्रतिसादावरही अवलंबून असावे, असा हा तर्क आहे.

तो समजून घेण्यासाठी प्रतिकार यंत्रणेतील ‘साहाय्यक टी पेशीं’ची ओळख करून घेणे आवश्यक आहे. या पेशी स्वतः शत्रूला मारत नाहीत, तर इतर पेशींना हुकूम सोडतात. त्यांच्यात वेगवेगळ्या तुकड्या असतात. टीएच-१ ही तुकडी मुख्यतः पेशींच्या आत दडणाऱ्या जंतूंवर मारा करते. टीएच-१७ ही तुकडी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना मोठ्या संख्येने बोलावते. टीएच-२ ही तुकडी जंतांविरुद्ध काम करते आणि अॅलर्जीमागेही तीच असते. पहिल्या दोन तुकड्यांचा मारा जंतूंना नष्ट करतो, पण तो आवरला गेला नाही तर आजूबाजूच्या निरोगी ऊतींचीही हानी होते. टीएच-२ वरचढ असेल तर पहिल्या तुकडीचा जोर काहीसा कमी होतो.

स्वीडनमधीलच लिंकोपिंग येथील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कोथयुक्त दाह झालेल्या रुग्णांच्या रक्तात टीएच-१७ शी जोडलेल्या रासायनिक संदेशांचा ठसा आढळला. साध्या दाहाच्या रुग्णांत तो तसा नव्हता. हा फरक केवळ तीव्रतेचा नसून प्रतिसादाच्या प्रकाराचा असावा, असे त्यातून सूचित झाले.

अॅलर्जीच्या मुलांचे कोडे

हा तर्क मुलांच्या बाबतीत पडताळण्याची कल्पक वाट लुंड येथील बालशल्यविशारदांनी शोधली. टीएच-२ वरचढ असण्याने खरोखरच फरक पडत असेल, तर ज्या मुलांना परागकण, प्राण्यांचे केस किंवा खाद्यपदार्थ यांची अॅलर्जी आहे, त्यांच्यात आंत्रपुच्छ फुटण्याचे प्रमाण कमी दिसायला हवे. त्यांनी २००७ ते २०१७ या काळात आंत्रपुच्छदाहासाठी शस्त्रक्रिया झालेल्या १५ वर्षांखालील ६०५ मुलांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी १०२ मुलांना ‘आयजीई’ प्रतिपिंडांशी निगडित अॅलर्जी होती. या मुलांपैकी १९.६ टक्के मुलांत आजार गुंतागुंतीचा झाला होता. अॅलर्जी नसलेल्या ५०३ मुलांत हेच प्रमाण ४६.९ टक्के होते. हा अभ्यास २०१८ मध्ये ‘जामा पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

अर्थात, या आकड्यांचा अर्थ जपूनच लावला पाहिजे. एका केंद्रातील जुन्या नोंदींवर आधारलेल्या अशा अभ्यासातून दोन गोष्टींचा संबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. अॅलर्जी असलेल्या मुलाचे आंत्रपुच्छ फुटणारच नाही, असाही त्याचा अर्थ नाही. या गटातही दर पाच मुलांमागे जवळपास एकाला गुंतागुंत झालीच होती. परंतु मुलाच्या प्रतिकार यंत्रणेची घडण आजाराची दिशा ठरवण्यात सहभागी असावी, या तर्काला त्यामुळे वजन आले.

अॅलर्जीचा धागा भारतातील संशोधनातही दिसतो. केरळमधील कोळिकोड येथील विकृतिशास्त्रज्ञ के. पी. अरविंदन यांनी १९९७ मध्ये आंत्रपुच्छाच्या स्नायूंच्या थरात आढळणाऱ्या इओसिनोफिल पेशींकडे लक्ष वेधले होते. या पेशी अॅलर्जीच्या प्रतिसादात हमखास हजेरी लावतात. काही रुग्णांत आजाराची पहिली ठिणगी अॅलर्जीसारख्या प्रतिक्रियेने पडत असावी, अशी शक्यता त्यांनी मांडली.

स्वच्छतेचा प्रश्नही याच चर्चेशी जोडलेला आहे. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आंत्रपुच्छदाहाचे प्रमाण वाढले. त्याचे कारण आहारातील तंतूंचा अभाव हे असावे, असे मानले जात होते. डेव्हिड बार्कर यांनी १९८५ मध्ये पर्यायी विचार मांडला. घराघरांत पाणी आणि स्वच्छतेच्या सोयी आल्याने मुलांना तान्हेपणी होणारे संसर्ग कमी झाले आणि तेच संसर्ग पुढच्या वयात प्रथमच गाठल्यावर लसीका ऊतींचा प्रतिसाद अधिक तीव्र झाला, असे त्यांचे म्हणणे होते. हा विचार आजही गृहीतक म्हणूनच पाहिला जातो. स्वच्छता सोडून द्यावी, असा निष्कर्ष त्यातून मुळीच निघत नाही.

आंत्रपुच्छ आणि प्रतिकार यंत्रणा यांच्या नात्याचा आणखी एक पुरावा मोठ्या आतड्याच्या आजारातून मिळतो. ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ या विकारात प्रतिकार यंत्रणेच्या बिघाडामुळे मोठ्या आतड्याला व्रण पडतात. स्वीडनमध्ये आंत्रपुच्छ काढलेल्या दोन लाखांहून अधिक व्यक्तींच्या नोंदींचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. वयाच्या विसाव्या वर्षापूर्वी आंत्रपुच्छदाह होऊन शस्त्रक्रिया झालेल्यांना हा विकार कमी प्रमाणात झाल्याचे त्यात दिसले. केवळ पोटदुखीच्या शंकेने निरोगी आंत्रपुच्छ काढलेल्यांना मात्र तसा लाभ दिसला नाही.

दुखणे जागा का बदलते?

आईवडिलांच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आजार ओळखण्याचा आहे. आंत्रपुच्छाला संवेदना पुरवणाऱ्या मज्जातंतूंचा मार्ग मज्जारज्जूच्या ज्या भागात जातो, तेथेच बेंबीभोवतालच्या त्वचेचे मज्जातंतूही पोचतात. त्यामुळे सुरुवातीला मेंदूला दुखणे बेंबीपाशी असल्याचे वाटते. सूज वाढून पोटाच्या आतल्या अस्तराला, म्हणजे पर्युदराला भिडली की नेमकी जागा कळते आणि दुखणे उजव्या बाजूला खाली स्थिरावते. भूक मरणे, मळमळ, उलटी आणि हलका ताप ही जोडीची लक्षणे आहेत. खोकताना, एका पायावर उडी मारताना किंवा रिक्षाला खड्ड्यातून धक्का बसताना कळ येणे ही पर्युदर दुखावल्याची खूण मानली जाते.

रक्ततपासणीत डॉक्टर जे शोधतात, तेही प्रतिकार यंत्रणेच्या हालचालीचेच माग असतात. पांढऱ्या पेशींची संख्या, त्यांतील न्यूट्रोफिलचे प्रमाण आणि यकृतात तयार होणारे ‘सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन’ यांवरून दाहाचा अंदाज येतो. मदन सॅम्युएल यांनी २००२ मध्ये मुलांसाठी दहा गुणांची एक मोजपट्टी सुचवली. लक्षणे, पोटाची तपासणी आणि पांढऱ्या पेशी यांना गुण देऊन आजाराची शक्यता तीत ठरवली जाते. सोनोग्राफीत सहा मिलिमीटरहून जाड आणि दाबल्यावर न दबणारे आंत्रपुच्छ दिसले तर शंका बळावते.

चकवे मात्र अनेक असतात. विषाणूसंसर्गात आतड्याच्या पडद्यातील लसीका ग्रंथी सुजल्या तरी दुखणे हुबेहूब तसेच वाटते. ते बहुधा विनाशस्त्रक्रिया बरे होते. कोविडच्या साथीत २०२० मध्ये काही मुलांत संसर्गानंतर काही आठवड्यांनी प्रतिकार यंत्रणा भडकल्याने सर्व शरीरात दाह होत असे. ‘एमआयएस-सी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या विकारातही पोटदुखी आणि ताप प्रमुख असल्याने काही मुलांच्या बाबतीत प्रथम आंत्रपुच्छाचीच शंका घेतली गेली होती.

लहानग्यांत धोका अधिक

पाच वर्षांखालील मुलांत हा आजार कमी आढळतो, पण झाल्यास अधिक घातक ठरतो. निदान होईपर्यंत यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांत आंत्रपुच्छ फुटलेले असते. एवढ्या लहान मुलाला कोठे दुखते ते नीट सांगता येत नाही. जुलाब, चिडचिड, पोट फुगणे यांमुळे साध्या पोट बिघडण्याचा भास होतो. शिवाय मोठ्यांच्या पोटात आतड्यांवर पसरलेला चरबीचा पडदा सुजलेल्या भागाभोवती गुंडाळला जाऊन पू एका जागी रोखून धरतो. लहान मुलांत हा पडदा पुरेसा वाढलेला नसल्याने पू संपूर्ण उदरपोकळीत पसरू शकतो.

त्यामुळे काही घरगुती सवयी टाळणे अगत्याचे आहे. ‘पोट साफ झाले की बरे वाटेल’ म्हणून एरंडेल किंवा जुलाबाचे औषध देणे आंत्रपुच्छदाहात धोक्याचे ठरते. आतड्यांची हालचाल वाढून सुजलेले आंत्रपुच्छ फुटण्याची भीती असते. पोट चोळणे आणि गरम पाण्याने शेकणेही टाळावे. डॉक्टरांनी तपासेपर्यंत मुलाला खाण्याचा आग्रह करू नये. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तासन् तास चाललेली तीव्र कळ एकाएकी थांबली, तर ते नेहमीच बरे होण्याचे लक्षण नसते. आंत्रपुच्छ फुटल्यावर आतला दाब जातो आणि काही काळ आराम वाटतो. त्यानंतर मात्र ताप चढतो आणि पोट कडक होते.

शस्त्रक्रिया की औषध?

आंत्रपुच्छ काढून टाकणे हा शंभर वर्षांहून अधिक काळ रूढ असलेला उपाय आहे. दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेमुळे तो सुकरही झाला आहे. साध्या दाहात केवळ प्रतिजैविके देऊन भागेल का, याची चाचणी आता मुलांतही झाली आहे. अमेरिकेतील दहा बाल रुग्णालयांतील १,०६८ मुलांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिजैविकांचा पर्याय निवडलेल्या मुलांपैकी ६७.१ टक्के मुलांना वर्षभरात शस्त्रक्रिया लागली नाही. ‘लॅन्सेट’मध्ये २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या, पाच देशांतील ९३६ मुलांच्या चाचणीत मात्र प्रतिजैविके वर्षभरात ३४ टक्के मुलांत अपयशी ठरली. शस्त्रक्रियेच्या गटात अपयशाचे प्रमाण ७ टक्के होते. आंत्रपुच्छ फुटल्याची शंका असेल, तर हा पर्याय या मुलांसारखा खुला नसतो.

प्रतिकार यंत्रणेच्या संशोधनाचे व्यावहारिक मोल येथेच आहे. कोणत्या मुलाचा दाह औषधाने ओसरेल आणि कोणाचे आंत्रपुच्छ सडण्याच्या वाटेवर आहे, हे पहिल्या काही तासांतच रक्तातील संदेशांवरून सांगता आले, तर पहिल्या मुलाची शस्त्रक्रिया वाचेल आणि दुसऱ्याची वेळेत होईल. तशी खात्रीची तपासणी रुग्णालयांच्या रोजच्या वापरात अद्याप आलेली नाही. तोपर्यंत मुलाचे पोट पुनःपुन्हा तपासणारा अनुभवी हात, रक्ततपासणी आणि सोनोग्राफी यांवरच निर्णय अवलंबून राहणार आहे.

आंत्रपुच्छ काढल्यावर मुलाची प्रतिकारशक्ती कमी होईल का, ही शंकाही अनेक पालक विचारतात. लहान आतड्याच्या भिंतीत आणि शरीरात इतरत्र अशाच लसीका ऊती विपुल असतात व त्या हे काम सांभाळतात. शस्त्रक्रियेनंतर मुले सामान्यपणे वाढतात, खेळतात. त्यामुळे ‘चौकी’ गमावण्याच्या भीतीने आवश्यक शस्त्रक्रिया लांबवणे योग्य नाही.

मुलाने काय खाल्ले होते, याचा शोध घेण्यात वेळ घालवण्याचे मग कारण उरत नाही. बेंबीपासून उजवीकडे सरकणारे, चालताना वाढणारे आणि भूक घालवणारे दुखणे काही तासांत कमी झाले नाही, तर रात्र असली तरी मुलाला डॉक्टरांकडे नेले पाहिजे. लहानगे मूल नीट सांगू शकत नसेल, तर एवढीही वाट पाहू नये.